केमोत केस जातात, परत येतात: मधल्या दिवसांतलं हसू इथं लिहा

मलप्रभा (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. कॅन्सरवर इथं बरंच लिहून झालंय. कुठं दाखवावं, हुबळी की मिरज की थेट परळचं टाटा, खर्च किती, सोबत कोण राहणार, सगळं. केसांवर मात्र कुणी लिहीत नाही. लिहिलंच तर "केस गेले, वाईट वाटलं" एवढ्यावर थांबतात. वाईट वाटतंच. माझी वेणी कमरेखाली होती. ती उशीवर, मोरीत, केरात सापडायला लागली तेव्हा मोरीचं दार लावून मी रडलेय. पण त्याच महिन्यांत आमच्या घरात जेवढं हसणं झालं तेवढं लग्नानंतर कधी झालं नव्हतं, आणि ते खोटं नव्हतं. पुढच्या बाईला डॉक्टर औषधांची यादी देतात, हे कुणी देत नाही. म्हणून धागा काढतेय.

माझं सांगते. आमचं एकत्र कुटुंब. आमटीत केस निघाला की सासूबाई ताटावरून मान वर करून आधी माझ्याकडं बघायच्या. लांब केस म्हणजे माझाच, हे घरात ठरलेलं. केमो सुरू होऊन डोकं पार मोकळं झाल्यावर एका सणाला कटाच्या आमटीत केस निघाला. चांगला हातभर. सासूबाईंनी सवयीनं मान वर केली, केस चिमटीत धरलेला, आणि माझ्याकडं बघितलं. घरात उकडत होतं म्हणून मी डोक्याला काही बांधलंही नव्हतं. त्या तशाच थांबल्या. मग सावकाश दुसऱ्या सुनेकडं वळल्या. जाऊ म्हणाली, "आई, इतकी वर्षं माझेच होते ते. हिच्या नावावर खपत होते."

आधी कुणी हसेना. मग सासूबाईच हसल्या, त्यांना ठसका लागला, आम्ही दोघी पाठ चोळायला धावलो. तोवर माझ्या दुखण्याचा शब्दही त्यांनी तोंडातून काढला नव्हता. त्या दिवसापासून बोलायला लागल्या. सलाईन कधी आहे, उलटी झाली का, तोंडाला चव आहे का, सगळं विचारायला लागल्या.

तुमच्या घरातलं सांगा. अट एकच: ज्याचे केस गेले त्यानं किंवा त्याच्या अगदी जवळच्यानं सांगावं. ऐकीव विनोद नकोत.

निपाणीकर

ताई, आमटीचा किस्सा घरात मोठ्यानं वाचला. आमच्याकडं लगेच दोन सुना एकमेकींकडं बघायला लागल्या.

बायकांच्या केसांचं तरी कुणी बोलतं, मिशांचं कोण बोलणार? मला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर होता. आजोबांच्या मिशा, वडिलांच्या मिशा, मग माझ्या. तंबाखूच्या सौद्यात माझा हात मिशीवर गेला की समोरचा समजायचा, आता भाव हलणार नाही. डोक्यावरचे गेले त्याचं मला फार वाटलं नाही, तसेही कमीच उरले होते. पण मिशा गेल्या त्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही. बायको चहा घेऊन आली, कप हातातच ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या ओठावर तीळ हाय?"

पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, आणि हिनं तो तीळ पहिल्यांदा बघितला. मलाही माहीत नव्हता. तिनं सगळ्या बहिणींना फोन लावले. संकेश्वरची मेव्हणी खास तीळ बघायला म्हणून आली, आणि बघून गेली. आजारी माणसाला भेटायला येतात तसं तोंड करून नाही, नवरा मुलगा बघायला येतात तशी आली. त्या सगळ्या काळात मला तेवढी एक भेट बरी वाटली.

मिशा परत आल्यात. पांढऱ्या आल्यात. तीळ झाकला गेला म्हणून बायको रोज म्हणते, काढा परत.

नर्सताई

मी हुबळीत केमोच्या डे केअरला काम करते, मूळची खानापूरची. किस्से वाचून फार बरं वाटलं. यात थोडी माहिती घालते, कारण आमच्याकडं येणाऱ्या बायकांना केसांबद्दल भलतंच काहीतरी सांगून पाठवलेलं असतं.

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सगळ्यात वेगानं वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत, म्हणून त्या सापडतात. डोक्यावरच्या १०० केसांपैकी ८५ ते ९० केस कोणत्याही वेळी वाढीच्याच अवस्थेत असतात, त्यामुळं गळायला लागले की एकदमच जातात. पहिल्या डोसनंतर साधारण २ ते ३ आठवड्यांनी हे सुरू होतं. आधी एक-दोन दिवस टाळू हुळहुळते, उशीला डोकं टेकवत नाही.

सगळ्या औषधांनी केस जात नाहीत. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल यांनी बहुधा सगळे जातात. कार्बोप्लॅटिन किंवा कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी बऱ्याचदा नुसते विरळ होतात. शेक, म्हणजे रेडिएशन, जिथं देतात तिथलेच केस जातात. छातीला शेक दिला म्हणून डोक्याचे जात नाहीत.

आणि हे जरूर वाचा: "हिचे केस गेलेच नाहीत, म्हणजे औषध लागू पडलं नाही" असं शेजारीपाजारी म्हणतात. साफ चूक. केस जाणं न जाणं आणि गाठ विरघळणं यांचा संबंध नाही.

अनगोळ_वेस

मी जरा वेगळं लिहिते, कुणी वाईट वाटून घेऊ नका.

माझे केस गेले तेव्हा मला हसायचं नव्हतं. पण येणारा प्रत्येक जण म्हणायचा, हसत राहा, पॉझिटिव्ह राहा. दिरांनी तर सगळ्यांच्या देखत डोक्यावर हात फिरवून विनोद केला. माझ्या मुलासमोर. मी हसले, कारण न हसून काय करणार. नंतर चार दिवस मला जेवण गेलं नाही. मला कुणीतरी शेजारी बसून "वाईट झालं गे" एवढंच म्हणायला हवं होतं. या धाग्यामुळं उद्या कुणाच्या घरात "बघ बाकीचे कसे हसतात, तू पण हस" असं व्हायला नको.

मलप्रभा

तुमचं शंभर टक्के पटलं, आणि हे तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. विनोद करायचा पहिला हक्क ज्याचं डोकं त्याचा. आमच्या आमटीच्या वेळी जाऊ बोलली ती स्वतःवर घेऊन बोलली, माझ्या डोक्यावर बोलली नाही, म्हणून मला हसू आलं. हाच फरक आहे. निपाणीकर वहिनींनी दादांच्या मिशा गेल्याची चेष्टा केली नाही, त्यांना तीळ सापडला. तुमच्या दिरांनी जे केलं त्याला मी विनोद म्हणणार नाही.

नर्सताई

माझं पण अनुमोदन. हसल्यानं औषध जास्त चालत नाही आणि रडल्यानं कमी चालत नाही. ज्या दिवशी जे येईल ते येऊ द्या.

खानापूरचा_नाभिक

नमस्कार. मी लिहिणारा माणूस न्हाई, पोराकडून टाईप करून घेतोय.

आमचं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत केमोच्या पेशंटचे केस काढायला मला घरी बोलावतात. बायका दुकानात येत न्हाईत, बरोबरच आहे. मी वस्तरा नेत न्हाई, झिरो मशीन नेतो. एका पेशंटच्या डॉक्टरनं सांगितलेलं: रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असतात, वस्तऱ्यानं बारीक कापलं तरी तिथं पू होऊ शकतो. तेव्हापासून मशीन स्पिरिटनं पुसून, नवा टॉवेल घेऊन जातो. पैसे घेत न्हाई.

एका गावातलं सांगतो. घरात शिरलो तर म्हातारी उंबऱ्यातच आडवी. "नवरा जिवंत हाय तिचा! माझ्या घरातल्या सवाष्णीच्या डोक्याला हात लावायचा न्हाई." म्हातारीनं लहानपणी स्वतःच्या आत्याचं केशवपन बघितलेलं, कोनाड्यात बसवून, दार लावून. ती तरी काय करणार. मी म्हटलं, आज्जी, आमच्या लोकांनी १८९० साली मुंबईत संप केला होता, विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार न्हाई म्हणून. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे पाठीशी होते. हे मला माझ्या आजोबानं सांगितलेलं. मी त्यासाठी न्हाई आलो, हिला उशी टोचतीय म्हणून आलोय.

म्हातारी हलेना. तेवढ्यात पेशंटचा नवरा आला आणि पाटावर बसला. "आधी माझे काढ." मी काढले. मग सासरा बसला. मग दीर. मग दिराचा पोरगा शाळेतून आला तो दप्तरासकट बसला. मग ती बसली, आणि म्हातारीनं स्वतः तिच्या खांद्यावर टॉवेल घातला.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. घरातले सगळे गडी डोकं उतरलेले. गावानं काय समजायचं? सकाळी गडी गोठ्यात दिसले आणि तासाभरात गल्ली गोळा. बायका पदर डोळ्याला लावून, गडी टोपी हातात घेऊन. कोण गेलं, कधी गेलं, आम्हाला कळवलं न्हाई. एकजण तर भाकऱ्या आणि पिठलं घेऊन आला, सुतकाच्या घरात चूल पेटत न्हाई म्हणून. म्हातारी दारात उभी राहून एकेकाला सांगत होती, "कुणी गेलं न्हाई! सगळे हायत! आत येऊन मोजून बघा आणि चहा घेऊन जावा!" दुपारपर्यंत चहा चालू होता. पिठलं-भाकरी सगळ्यांनी खाल्ली. हे मला ती पेशंटच फोनवर सांगत होती आणि हसून हसून तिला बोलता येईना.

तिचे केस आता मानेपर्यंत आलेत. परवा त्याच आज्जीनं सुनेला घेऊन दुकानासमोर गाडी थांबवली होती, दाखवायला.

घटप्रभा

"मोजून बघा"!! नाभिकदादा, तुमच्या त्या आज्जीला माझा नमस्कार सांगा.

माझा बसमधला. ११ जून २०२३ ला आमच्याकडं कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना साध्या बसला तिकीट नाही, फक्त ओळखपत्र दाखवायचं आणि शून्य किमतीचं तिकीट घ्यायचं. मी चिकोडीहून बेळगावला सलाईनला निघाले होते, बहीण सोबत. आधार कार्डावर माझा फोटो दोन वेण्यांचा, गजरा घातलेला. समोर मी ओढणी घट्ट बांधून, भुवयासुद्धा नाहीत. कंडक्टर पोरगेला होता. कार्ड बघतो, मला बघतो, परत कार्ड. "इदु नीवेनरी?" ह्या तुम्हीच काय?

मागं रांग, बस भरलेली. बहिणीला राग आला, ती बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मीच ओढणी काढली. म्हटलं, हौदरी, नाने. होय, मीच. बस गप्प झाली. कंडक्टरचं तोंड पडलं. बिचारा पटकन मशीनमधनं तिकीट काढून माझ्या हातात दोन्ही हातांनी ठेवायला लागला, देवळात प्रसाद देतात तसा. बहीण राग विसरली आणि म्हणाली, "तिकीट झिरो, कटिंग झिरो, आज सगळंच सरकारी खर्चात!" मला जे हसू फुटलं ते आवरेना. मागच्या सीटवरची एक म्हातारी, टोपलीत काकड्या घेऊन बसलेली, ओरडली, "बरताव बिडवा, चिंती माडब्याड!" येतील गे, काळजी नको करूस. आणि एक काकडी पुढं पाठवली. हातोहात आली, मीठ नव्हतं.

त्यानंतर त्या कंडक्टरची गाडी मिळाली की तो कार्ड मागायचाच नाही. लांबूनच हात करायचा.

टिळकवाडी_पहिलं_गेट

माझ्या आईचं लिहिते, तिला विचारून. भुवया जातात हे आम्हाला माहीतच नव्हतं. डोक्याचे केस जाऊन बरेच दिवस झाले, वाटलं संपलं, आणि मग भुवया आणि पापण्या गेल्या. हळदीकुंकवाला जायचं म्हणून मी पेन्सिलनं भुवया काढून दिल्या. डावी जरा वर गेली. घाईत लक्षात आलं नाही. तिथं प्रत्येक बाई आईला विचारत होती, "काय गे, काय झालं? काही सांगायचं हाय काय?" आई म्हणायची काही नाही, आणि ती जास्तच काळजीनं जवळ बसायची. घरी येऊन आरशात बघितल्यावर आईला उलगडा झाला. तिनं मला हाक मारली ती आजारपणाआधीच्या आवाजात, पूर्ण नाव घेऊन.

आणि नाक! नाकातले केस जातात हे कुणीच सांगत नाही. सर्दी नसताना नाक सारखं गळतं. आई पूजेला बसली की भटजींना वाटायचं हिला रडू येतंय. त्यांनी सत्यनारायणाची कथा आवरती घेतली.

नर्सताई

बरोबर आहे. भुवया-पापण्यांचं चक्र वेगळं, त्या उशिरा जातात, कधी शेवटच्या डोसनंतरही. पापण्या नसल्या की डोळ्यांत धूळ जास्त जाते, बाहेर पडताना चष्मा लावा. नाकासाठी रुमाल जवळ ठेवा.

चिंचलीची_लेक

इतके दिवस वाचत होते, आज लिहिते. माझ्या मुलाला रक्ताचा कॅन्सर होता. तो तेव्हा पाच वर्षांचा. माझ्या सासूनं चिंचलीच्या मायाक्का देवीला बोलून ठेवलं होतं, पोरगा बरा होऊ दे, याचे केस तुला देईन. नवस बोलला आणि पुढच्या पंधरवड्यात केमोनं सगळे केस गेले.

आता घरात प्रश्न. नवस फिटला की नाही? सासरे म्हणाले, फिटला, देवीनं आगाऊ घेतले. सासू म्हणाली, असं कसं, ते हॉस्पिटलच्या उशीवर पडले, देवीला पोचलेच नाहीत. धाकटे दीर म्हणाले, उशी घेऊन जाऊया. यावर दोन दिवस भांडण झालं. इतकं मन लावून भांडले की त्या दोन दिवसांत कुणी माझ्याकडं बघून सुस्कारा टाकला नाही. मी त्या भांडणाची आजही ऋणी आहे.

शेवटी सासूनं निकाल दिला: नवे येतील ते द्यायचे. उपचार लांबले, मग केस आले, दाट आले. पोरगा आता शाळेत जातो. सासूनं चिंचलीला जायची तयारी केली तर पोरगा दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. "माझे हायत. एकदा दिले की." आजी-नातवाची बोलणी अजून चालू आहेत. सध्या एका बटेवर येऊन थांबलीत.

पुण्यातला_बेळगावकर

सगळ्यांना विनंती, कांद्याचा रस लावून बघा. माझ्या मित्राचे केस त्यानं थांबले. बायोटिनच्या गोळ्याही चालू करा.

नर्सताई

दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपा करून हे करू नका. केमो चालू असताना औषध मुळावरच घाव घालत असतं, वरून काहीही चोळून ते थांबत नाही. टाळू त्या दिवसांत नाजूक असते, कांद्याच्या रसानं आग होते, फोड येतात. बायोटिनचा मोठा डोस घेतला तर थायरॉईड आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी नाही. साधं खोबरेल बोटानं हलकं लावलं तर चालतं.

गणपत_गल्ली

ती थंड टोपी म्हणतात ती खरी आहे काय? बहिणीचं पुढच्या महिन्यात सुरू होतंय.

नर्सताई

खरी आहे. टाळू गार केली की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध मुळांपर्यंत कमी पोचतं. सलाईनच्या साधारण अर्धा तास आधी घालायची, संपल्यावरही बराच वेळ ठेवायची. डोकं दुखतं, थंडी वाजते. केस सगळ्यांचे वाचत नाहीत, काहींचे निम्मे-अधिक वाचतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरत नाहीत. पहिल्या डोसच्या आधीच विचारावं लागतं, नंतर उपयोग नाही. आता बेळगावातही केएलईचं वेगळं कॅन्सर हॉस्पिटल झालंय, जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उद्घाटन झालं. बहीण जिथं दाखवतेय तिथं सोय आहे का, हे आजच विचारून घ्या.

येळ्ळूरची_सून

विगचं कुणी लिहिलं नाही म्हणून. भावानं मुंबईहून विग आणला, खांद्यापर्यंतचा, नायलॉनचा. मी तो रात्री खुंटीला अडकवून झोपायचे. आमच्या आत्याबाई आल्या होत्या मुक्कामाला. सकाळी उठून बघते तर त्या अंगणात विग मांडीवर घेऊन बसलेल्या, वाटीत कोमट खोबरेल. पूर्ण तेल चोपडून, फणीनं विंचरून, घट्ट वेणी घालून रिबीन बांधलेली. "किती कोरडे झाले होते गे केस तुझे. लक्ष देत न्हाईस." तो विग परत कधी सुकला नाही. पण मला लहानपणी त्यांच्याच पायांशी बसून वेणी घालून घेतल्याचं आठवलं. मग मी ओढणीच बांधायला लागले आणि वेणी तशीच ठेवली. अजून आहे.

अनगोळ_वेस

आत्याबाईंचं वाचून मला रडू आलं आणि हसू पण. इथं आल्यापासून पहिल्यांदाच.

माझे आता येताहेत. बोटभर झालेत. कुरळे! माझे केस जन्मात सरळ होते. परवा कॉलेजातली मैत्रीण रविवार पेठेत भेटली, तिला माझं काहीच माहीत नव्हतं. "कुठल्या पार्लरला केलंस गे? काय सुंदर बसलेत कर्ल!" मी तिला खरं सांगितलं नाही. म्हटलं, फार महाग आहे, तुला परवडणार नाही. ती नंबर मागत होती. घरी येईपर्यंत मी एकटीच रिक्षात हसत होते. दिरांना अजून सांगितलेलं नाही, त्यांना सांगणारही नाही.

मलप्रभा

हा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला किस्सा आहे, आणि तो तुमचा आहे.

माझे आले तेव्हा आधी नुसती लव आली. माझा भाचा माहेरून आला होता, शेतातलं पोर. त्यानं हात फिरवला, डोळे मिटून परत फिरवला आणि आईला हाक मारून सांगितलं, "मावशीचं डोकं आमच्या रेडकागत लागतंय!" मग जेवढी पोरं होती तेवढी रांगेनं हात फिरवून गेली. मला आवडलं. केस गेल्यापासून डोक्याला हात लावायला सगळे भीत होते.

नर्सताई

शेवटच्या डोसनंतर १ ते ३ महिन्यांत लव दिसते, मग महिन्याला साधारण १ सेंटिमीटर. कुरळे येतात, जाड येतात, रंग बदलतो. बहुतेकांचा पोत पुढं हळूहळू पहिल्यासारखा होतो. डोसेटॅक्सेलनंतर थोड्या जणांना पूर्वीइतके दाट येत नाहीत, हेही खरं आहे. सहा महिने झाले तरी येत नसतील तर डॉक्टरांना दाखवा, गप्प बसू नका. रंग लावायचा असेल तर नवे केस नीट वाढू द्या, डॉक्टरांना विचारा आणि आधी कानामागं थोडा लावून बघा.

उचगाव_रोड

सगळं एका बैठकीत वाचलं. माझ्या आईचा पहिला डोस झालाय, दुसरा आठवडा चालू आहे, काल फणीत केस आले. तिनं काही म्हटलं नाही, फणी पुसून ठेवून दिली. मी काय करू?

अनगोळ_वेस

शेजारी बसा. "वाईट झालं आई" म्हणा. आणि काय करायचं ते तिलाच विचारा: आत्ताच बारीक करायचे की जातील तसे जाऊ द्यायचे. तिचं जे उत्तर येईल ते करा.

खानापूरचा_नाभिक

बारीक करायचं ठरलं तर मेसेज करा. उचगाव लांब न्हाई. रविवारी दुकान बंद करून येतो.

उचगाव_रोड

विचारलं. बराच वेळ गप्प होती, रडली, मी पण रडलो. मग म्हणाली, बोलव त्याला. नाभिकदादा, तुम्हाला मेसेज केलाय. आई म्हणते, येऊ दे, पण आधी मशीन मला दाखव म्हणावं. दिवाळीला म्हशी भादरलेली नको.

खानापूरचा_नाभिक

म्हशीची वेगळी आहे. दोन्ही घेऊन येतो, तुमच्या आईनं हाताळून बघावं.